रोकफोर चीज: लार्झाकच्या माळावरचे दूध आणि जोझे बोव्हे यांचा लढा

रोकफोर हे निळे चीज मी पहिल्यांदा विकत घेतले ते फ्रान्समधल्या एका मोठ्या सुपरमार्केटमधून, आणि ते मला मुळीच आवडले नव्हते. प्लास्टिकच्या डबीत पाणी सुटले होते, मिठाने जीभ चरचरत होती आणि त्या मिठामागे दुसरी कोणती चव आहे याचा पत्ताच लागत नव्हता. या चीजचे नाव ज्या माणसामुळे माझ्या कानावर आले होते, त्या जोझे बोव्हे या लार्झाकच्या मेंढीपालक शेतकरी नेत्याविषयी मनात आदर असल्यामुळे ते टाकून द्यायला जीव होईना, म्हणून कसेबसे संपवले. पुढे दोन वर्षांनी मे महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यात जाण्याचा योग आला. रोकफोर-स्यूर-सूल्झों या गावात एका लहान उत्पादकाच्या दुकानात अख्ख्या चकतीतून कापून दिलेला तुकडा तिथेच उभ्याने खाल्ला, आणि त्या डबीवरून या पदार्थाविषयी मत बनवून बसलो असतो तर तो केवढा अन्याय झाला असता हे कळले. हे परीक्षण त्या दुसऱ्या तुकड्याचे आहे. मात्र त्या तुकड्याविषयी लिहायचे तर ज्या माळरानाचे दूध त्यात उतरले आहे ते माळरान, आणि ते मेंढ्यांकडे राहावे म्हणून अर्धे आयुष्य खर्ची घातलेला माणूस, यांना बाजूला ठेवून लिहिणे मला जमणार नाही.

आधी पदार्थाविषयी. रोकफोरची अख्खी चकती साधारण वीस सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच आणि अडीच ते तीन किलो वजनाची असते. तिच्यावर कठीण साल नसते. चंदेरी वर्ख उलगडला की ओलसर, किंचित चिकट पृष्ठभाग दिसतो. दुकानातल्या बाईंनी सुरी न वापरता ताणलेल्या बारीक तारेने ती कापली, कारण सुरीने आतला भाग दाबला जातो आणि बुरशीची पोकळी लिंपली जाते. कापलेली बाजू हस्तिदंतासारखी पांढरी होती आणि तिच्यात लहानमोठ्या गुहांसारखी छिद्रे होती. प्रत्येक छिद्राच्या भिंतीला निळसर हिरव्या बुरशीचे मखमली अस्तर होते. नीट पाहिल्यावर वरून खाली गेलेल्या काही सरळ रेषाही दिसल्या. चकतीत हवा शिरावी म्हणून सुया टोचतात, त्यांच्या त्या वाटा. बुरशीला वाढायला हवा लागते आणि ती या वाटांनीच आत जाते.

तोंडात घातल्यावर मीठ पुढे येते हे खरे, पण ते थांबत नाही. त्याच्या मागोमाग मेंढीच्या दुधाचा दाट स्निग्धपणा येतो. गाईच्या दुधाच्या चीजमध्ये तो असा नसतो. तो जिभेवर विरघळत असतानाच बुरशीचा तिखटसर झणका वर चढतो, आणि सगळ्यात शेवटी जुन्या दगडी वाड्यातल्या बळदाचे दार उघडल्यावर येतो तसा थंड, ओलसर वास टाळूपाशी रेंगाळतो. सुपरमार्केटच्या डबीत यातले पहिले आणि तिसरे होते. दुसरे आणि चौथे नव्हते. माझ्या मते रोकफोरची खरी परीक्षा त्या दुसऱ्या चवीत, म्हणजे दुधात आहे. बुरशी ही प्रयोगशाळेतून आणता येते, मीठ कुठेही मिळते, पण ते दूध दुसरीकडून आणण्याची मुभा नाही.

तशी मुभा नसणे हाच या चीजचा कायदा आहे. रोकफोरच्या तळघरांना १४११ मध्ये सहाव्या चार्ल्स राजाने हे चीज मुरवण्याचा एकाधिकार दिला आणि १९२५ मध्ये फ्रान्सच्या संसदेने खास कायदा करून या नावाला संरक्षण दिले. मूळ ठिकाणाच्या नावाचे असे संरक्षण मिळवणारे ते फ्रान्समधले पहिले चीज. आजचे नियम असे की दूध फक्त लाकोन जातीच्या मेंढ्यांचे, ठरवून दिलेल्या प्रदेशातले आणि कच्चे, म्हणजे न तापवलेले हवे. घट्ट झालेले दही कापून, त्यात पेनिसिलियम रोकफोर्टी ही बुरशी घालून, साच्यात निथळवून आणि वरून कोरडे मीठ चोळून झाले की चकत्या गावाच्या डोक्यावर असलेल्या काँबालू डोंगराच्या पोटात नेतात. हा चुनखडीचा डोंगर फार पूर्वी खचला आणि त्याच्या आत खोल भेगा पडल्या. या भेगांना तिथले लोक ‘फ्लरीन’ म्हणतात. त्यांतून बाराही महिने गार आणि दमट हवा वाहत असते. मी एका भेगेच्या तोंडाशी हात धरून पाहिला. वारा म्हणावा इतका जोर नव्हता, एखादे मोठे जनावर संथ श्वास सोडते आहे असे वाटत होते. किमान चौदा दिवस चकत्यांनी याच हवेत उघड्या राहायचे, मग वर्खात गुंडाळून थंडाव्यात मुरत पडायचे, आणि दूध विरजल्यापासून नव्वद दिवस भरल्याखेरीज बाजारात जायचे नाही. डोंगर उचलून नेता येत नाही आणि नियमही ढिला होत नाही, त्यामुळे जगातल्या कोणत्याही कारखान्याला हे चीज दुसऱ्या गावी मुरवता येत नाही.

गावातून बाहेर पडून मियो शहराच्या बाजूने वर चढले की लार्झाकचे पठार लागते. झाडे थोडी, दगड फार, आणि पाणी तर दिसतच नाही. चुनखडीत पडलेला पाऊस तिथल्या तिथे जिरून जातो. म्हणून मेंढपाळांनी उताराच्या पायथ्याशी ताटलीसारखी गोल तळी खोदून ती दगडांनी फरसबंद केली आहेत. अशा एका तळ्याच्या काठावर मी बसलो होतो तेव्हा दोनशेएक मेंढ्यांचा कळप पाण्यावर आला. लाकोन मेंढी दिसायला साधीच असते: डोके आणि पाय उघडे, लोकर फक्त पाठीवर, कान आडवे. चारी बाजूंनी उतार असल्यामुळे एकही मेंढी दुसरीला न ढकलता काठावर रांगेने उभी राहून पाणी पीत होती. इतक्या कोरड्या जमिनीत दूध निघते ते या प्राण्याच्या चिवटपणामुळे आणि त्याच्यामागे हिंडणाऱ्या माणसांच्या चिकाटीमुळे.

हीच जमीन १९७१ मध्ये फ्रान्सच्या सरकारला सैन्यासाठी हवी होती. लार्झाकवर तीन हजार हेक्टरांचा लष्करी तळ आधीपासून होता. तो सतरा हजार हेक्टरांपर्यंत वाढवण्याची घोषणा संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी केली. माळावर मेंढ्यांशिवाय विशेष काही नाही, असा त्यामागचा हिशेब होता. मार्च १९७२ मध्ये तिथल्या १०३ शेतकऱ्यांनी जमीन विकणार नाही अशी शपथ लिहून सह्या केल्या. त्याच दिवसांत ला काव्हालरी या गावी लांझा देल व्हास्तो यांचे पंधरा दिवसांचे उपोषण चालू होते. हे इटलीत जन्मलेले साधक १९३०च्या दशकात वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिले होते आणि गांधीजींनीच त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले होते. लार्झाकच्या कर्मठ कॅथलिक मेंढपाळांनी हातात काठी न घेता लढायचे ठरवले, यात वर्ध्यातून गेलेल्या त्या माणसाचा मोठा वाटा आहे. मराठी वाचकाने हा दुवा लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही.

पुढची दहा वर्षे या लोकांनी जे केले त्यात कल्पकता आणि सोसणे दोन्ही होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांनी पॅरिसला आयफेल टॉवरच्या पायथ्याशी साठ मेंढ्या सोडल्या. सैन्याने मागितलेल्याच जमिनीवर, ला ब्लाकियेर येथे, बांधकामाची परवानगी न घेता शेकडो स्वयंसेवकांच्या हातांनी दगडी मेंढवाडा उभारला. त्याला पैसा आला तो देशभरातल्या लोकांनी आपल्या करातले तीन टक्के सरकारला न भरता इकडे वळवले त्यातून. १९७८ मध्ये काही शेतकरी लार्झाकपासून पॅरिसपर्यंत सातशे किलोमीटर पायी गेले. तो मेंढवाडा अजून उभा आहे. मी पाहिला तेव्हा त्याच्या कमानीखाली गवताचा आणि लेंड्यांचा उबदार वास भरला होता, आणि एखाद्या स्मारकापुढे जे वाटायला हवे ते मला तिथे वाटले.

बोव्हे या लढ्यात बाहेरून आले. त्यांचा जन्म ११ जून १९५३ चा, बोर्दोजवळच्या तालांस गावचा. वडील वनस्पतींच्या रोगांवर काम करणारे नामांकित शास्त्रज्ञ. त्यांच्या कामामुळे लहानपणी काही वर्षे अमेरिकेत बर्कलीला गेली आणि इंग्रजी तिथेच पक्के झाले. सक्तीच्या लष्करी सेवेला नकार देणारा हा तरुण १९७६ मध्ये पत्नीसह लार्झाकवरच्या माँत्रेदों वाडीत, सैन्याने विकत घेऊन ओसाड पाडलेल्या एका घरात परवानगीवाचून राहायला गेला. वीज नाही, नळ नाही, फोन नाही, आणि मेंढ्यांचे कळप सांभाळण्याचा पिढीजात अनुभवही नाही. त्याच वर्षी लष्करी तळात घुसून जमीनखरेदीची कागदपत्रे नष्ट केल्याबद्दल पहिला तुरुंगवास झाला. त्यांचे टीकाकार त्यांना ‘शास्त्रज्ञाचा मुलगा, खरा शेतकरी नव्हे’ असे म्हणत आले आहेत. मला हा आक्षेप पटत नाही. रोज दोन वेळा मेंढ्या पिळाव्या लागतात, आणि वर्षानुवर्षे ते काम केलेल्या माणसाला शेतकरी म्हणायचे नाही तर कोणाला म्हणायचे? आपल्याला इथे शरद जोशी आठवतात. बर्नमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतलेल्या त्या माणसालाही हेच ऐकावे लागले होते. खुल्या व्यापाराविषयी दोघांची मते अगदी विरुद्ध होती, हे मात्र इथेच सांगायला हवे.

मे १९८१ मध्ये फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष निवडून आले आणि विस्ताराची योजना रद्द झाली. त्यानंतर जे झाले ते मला विजयापेक्षाही मोलाचे वाटते. सैन्याने खरेदी केलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन सरकारने परत विकायला न काढता शेतकऱ्यांनीच चालवलेल्या एका संस्थेला दीर्घ मुदतीच्या कराराने दिली. २०१३ मध्ये ती मुदत २०८३ पर्यंत वाढवण्यात आली. जो शेती करतो त्याच्याकडे जमीन त्याच्या निवृत्तीपर्यंत राहते, नंतर ती पुढच्या मेंढीपालकाकडे जाते. मध्ये कोणी ती विकत नाही आणि तिच्या भावाची चढाओढ होत नाही. रोकफोरच्या कायद्याने चीज गावाशी बांधले, लार्झाकच्या या व्यवस्थेने जमीन कसणाऱ्याशी बांधली. मी खाल्लेल्या तुकड्यातले दूध नेमके कोणत्या वाड्यातले होते हे दुकानात विचारूनही कळले नाही, कारण संकलनात सगळे एकत्र होते. पण दुधाच्या त्या दाटपणामागे या दोन्ही व्यवस्था आहेत, आणि त्यातली दुसरी कोणत्याही वेष्टनावर छापलेली नसते.

१९८७ मध्ये छोट्या शेतकऱ्यांची ‘कॉनफेदेरास्यों पेझान’ ही संघटना स्थापन झाली. बोव्हे तिच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे तिचे प्रवक्ते. पण जगाला त्यांचे नाव कळले ते या चीजमुळेच. संप्रेरके टोचलेल्या जनावरांचे मांस युरोपने अमेरिकेकडून घ्यायचे नाकारले, जागतिक व्यापार संघटनेने निकाल अमेरिकेच्या बाजूने दिला, आणि १९९९ च्या जुलैत अमेरिकेने सूड म्हणून युरोपच्या ज्या मालावर शंभर टक्के आयातशुल्क लावले त्यात रोकफोर होते. भांडण गोमांसाचे, आणि दंड मेंढीच्या दुधाला! १२ ऑगस्टला मेंढीपालकांनी आधी जाहीर करून, दिवसाढवळ्या, बायकामुलांसह मियोला जाऊन तिथे बांधकाम चालू असलेल्या मॅकडॉनल्ड्सच्या इमारतीचे दरवाजे, आतल्या भिंतींचे पत्रे आणि छपराची कौले उतरवली आणि ट्रॉलीत भरून सरकारी कचेरीसमोर नेऊन ठेवली. बोव्हे जवळजवळ तीन आठवडे कोठडीत राहिले. बेड्या घातलेले दोन्ही हात उंचावून हसणाऱ्या, झुबकेदार मिशांच्या त्या माणसाचे छायाचित्र तेव्हा जगभर छापले गेले. दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावणे मला सहजासहजी मान्य होत नाही, आणि त्या रेस्टॉरंटने मेंढीपालकांचे थेट काही बिघडवले नव्हते हेही खरे. परंतु एका दूरच्या न्यायनिवाड्याने आपल्या दुधाचा भाव पाडला आणि दाद मागायला कुठले दारच उरले नाही, ही त्या लोकांची भावना मी खोटी म्हणू शकत नाही. त्याच वर्षाअखेर सिएटलला व्यापार संघटनेच्या परिषदेबाहेर बोव्हे स्वतःबरोबर नेलेले रोकफोर लोकांना वाटत उभे होते. शिक्षा पुढे कायम झाली आणि २००२ मध्ये ते ट्रॅक्टरच्या ताफ्यासह तुरुंगाच्या दाराशी हजर झाले. जनुकबदल केलेली पिके उपटल्याबद्दलही त्यांना कैद झाली. मोंपेलियेच्या संशोधन केंद्रातले असे भाताचे प्रायोगिक पीक १९९९ च्या जूनमध्ये उद्ध्वस्त झाले तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर गेलेले भारतीय शेतकरीही त्यांच्यासोबत होते.

निवडणुकीच्या राजकारणाविषयी थोडक्यात. २००७ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि त्यांना १.३२ टक्के मते मिळाली. २००९ ते २०१९ ही दहा वर्षे ते हरित आघाडीतर्फे युरोपीय संसदेत होते आणि तिथल्या कृषी समितीचे उपाध्यक्षही झाले. याच काळात लार्झाकखालचा खडक फोडून वायू काढण्याच्या बेताविरुद्ध ते उभे राहिले. २०११ मध्ये फ्रान्सने त्या पद्धतीवर कायद्याने बंदी घातली. माळावर चार लोकांना जवळचा वाटणारा माणूस देशभर मते मिळवू शकला नाही, पण समित्यांच्या कंटाळवाण्या कामात तो टिकला. मला यातले दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते.

आता या चीजच्या उणिवा. नावाचे संरक्षण पदार्थाला आहे, मेंढपाळाच्या मिळकतीला नाही. उत्पादक अवघे सात, आणि त्यांतल्या सगळ्यात मोठ्याची मालकी दुग्धव्यवसायातल्या एका अवाढव्य समूहाकडे. दुधाचा भाव ठरवताना दोन्ही बाजूंचे वजन सारखे नसते. २०१९ मध्ये पाश्चरीकरण केलेल्या मेंढीच्या दुधाचे एक निळे चीज रोकफोरशी मिळत्याजुळत्या वेष्टनात बाजारात आले तेव्हा गिऱ्हाइकाची फसगत होते म्हणून वाद झाला, आणि त्यात बोव्हे यांनी जाहीरपणे आवाज उठवला. त्यामुळे विकत घेताना फक्त निळ्या रेषा पाहून भुलू नये. वेष्टनावर ‘रोकफोर’ हे नाव स्पष्ट हवे आणि लाल रंगाच्या मेंढीचे चिन्ह हवे. मी गावात दीडशे ग्रॅमला साडेचार युरोंच्या आसपास दिले. सुपरमार्केटमधली डबी त्याहून स्वस्त होती, पण फरक पैशांत मोजावा इतका लहान नाही.

खाण्याविषयी काही व्यवहारी गोष्टी. फ्रीजमधून काढून किमान अर्धा तास बाहेर ठेवावे. थंड असताना मीठच लागते आणि दूध गप्प राहते. मऊ पिकलेल्या नासपतीची फोड किंवा बिनमिठाचे लोणी लावलेली राय धान्याच्या पावाची चकती सोबत असली की मिठाची धार उतरते. शिजवून सॉस करण्याची पद्धत आहे, पण चांगल्या तुकड्याचे तसे करू नये. उरलेले त्याच वर्खात घट्ट गुंडाळून ठेवावे, प्लास्टिकच्या डबीत नको, म्हणजे पाणी सुटत नाही. दूध कच्चे असल्यामुळे गरोदर स्त्रियांनी हे चीज टाळावे. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की दही घट्ट करायला जनावराच्या जठरातले रेनेट वापरतात. मला हे तिथल्या दुकानात विचारल्यावर कळले आणि बरोबर असलेल्या माझ्या मावसबहिणीने तेव्हापासून ते खाल्ले नाही.

मेंढ्या हिवाळ्याच्या तोंडाशी वितात आणि दूध उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणजे माळावर ताजे गवत चरणाऱ्या मेंढ्यांच्या वसंतातल्या दुधाची चकती मुरून विक्रीला येते ती शरदात. मी मे महिन्यात खाल्लेला तुकडा बहुधा गोठ्यात सुका चारा खाणाऱ्या मेंढ्यांच्या दुधाचा होता. दुकानातल्या बाईंचे म्हणणे पडले की चव पाहायची तर ऑक्टोबरात या. परत निघताना मी त्यांच्याकडून आणखी तीनशे ग्रॅम बांधून घेतले आणि ऑक्टोबरातल्या तारखा विचारून ठेवल्या आहेत.